बागेतला बाक

सी-४०१ काका: नमस्कार. कुणाचं नाव घेत नाही. घसरगुंडीसमोरच्या बाकावर रोज संध्याकाळी बाळाला अंगावर पाजलं जातं. तिथे मुलं खेळतात, आम्ही ज्येष्ठ मंडळी फेऱ्या मारतो. अवघडल्यासारखं होतं. घर दोन मिनिटांवर आहे. कृपया विचार व्हावा. 🙏

सेक्रेटरी: काका, नोंद घेतली. रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ.

ए-६०३ ओवीची आई: मीटिंग कशाला? ती मीच. घर दोन मिनिटांवर होतं, लिफ्ट चालू होती तोवर. नऊ दिवस झाले ए विंगची लिफ्ट बंद आहे. सहा मजले. ओवी चार वर्षांची, ती घसरगुंडीवर. तिला खाली एकटी सोडू, की रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन तिला फरफटत वर नेऊ? आणि लिफ्ट सुरू झाली तरी मी त्याच बाकावर बसणार आहे, हेही आत्ताच सांगून ठेवते.

बी-२०४: लिफ्टचं काय झालं खरंच?

सेक्रेटरी: पार्ट यायचाय.

बी-२०४: हे आठ दिवसांपूर्वीही यायचाच होता.

बी-१०२ आजी: मी बोलून टाइप करते आहे चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे गावाला ओट्यावर बसून पाजायचो. समोरून पोस्टमन जायचा, सासरे जायचे, कुणी थांबत नव्हतं. पुढे डोंबिवलीला आले. पहिल्याला घेऊन माहेरी निघाले होते, लेडीज डबा भरलेला, मुंब्र्याच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पोर किंचाळायला लागलं. मी उभी, एका हातात दांडा. खिडकीशी बसलेली भाजीवाली उठली, पाटी पायाशी ओढली, म्हणाली बस गं बाय, पाज त्याला. गाडी सुटेपर्यंत ती माझ्यासमोर पाठ करून उभी होती. तिचं नावही विचारलं नाही मी.

सी-४०१ काका: मावशी, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुमच्या वेळी पदर होता. मी तेच म्हणतोय.

ए-६०३ ओवीची आई: पदर नाही, ओढणी असते काका. रोज घेते. चार महिन्यांचं बाळ आहे, ते दोन मिनिटांत ओढून काढतं. या उकाड्यात तुम्ही डोक्यावर शाल घेऊन जेवायला बसा, मी वाढते.

बी-२०४: 😂

सी-४०१ काका: मग आम्ही बघायचं कुठे?

बी-१०२ आजी: समोर. फेऱ्या मारताना समोर बघतात.

सी-२०२ वकील: विषय निघालाच आहे तर सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात न्या. नागरत्ना आणि न्या. वराळे यांच्या खंडपीठापुढे हाच प्रश्न होता. सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजायला सोय हवी, आणि उघड्यावर पाजणाऱ्या आईला लाज वाटावी असं कुणी वागू नये, असं त्यांनी म्हटलंय. त्यासाठी त्यांनी घटनेतल्या नागरिकांच्या कर्तव्यांचा दाखला दिला, स्त्रीच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देण्याचं कलम. त्यामुळे मीटिंगमध्ये बाकाबद्दल ठराव वगैरे घेऊ नका, मला नको ते काम लागेल.

सेक्रेटरी: विषय मागे घेतला.

ए-५०५: एक सांगू? एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो म्हणून आम्ही मागच्या महिन्यात निर्धास्त निघालो. एका स्टँडवर कक्षाला कुलूप. चावी कंट्रोलरकडे, कंट्रोलर चहाला. उघडला तर आत तुटक्या खुर्च्या आणि रंगाचे डबे. नाव रायगडावरच्या हिरकणीचं. ती बाळासाठी रात्री कडा उतरली, आणि आम्हाला चावीसाठी वीस मिनिटं. शेवटी बायको फलाटावरच बसली, मी बॅगा रचून आडोसा केला. कुणी ढुंकूनही बघितलं नाही. जो तो आपली गाडी बघत होता.

ए-३०२: मला सातवा महिना सुरू आहे, म्हणून सगळं वाचतेय. मला तर घरी पाहुण्यांसमोरही जमेल असं वाटत नाही. बाहेर नेमकं कसं करतात?

बी-५०१ सिस्टर: प्रसूती वॉर्डात बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहिते. बाळ रडायची वाट बघू नकोस. मूठ तोंडात घालतं, मान वळवून शोधतं, तेव्हाच घे. रडू हा उशिरा आलेला निरोप. रडलेलं बाळ नीट धरत नाही, सोडतं, परत रडतं, आणि मग सगळी बाग वळून बघते. शांत असताना घेतलंस तर शेजारच्याला वाटतं झोपलंय मांडीवर.

कपडे दोन थरांत. वरचा टॉप खालून उचलायचा, आतली बनियन गळ्यातून खाली ओढायची. पोट आणि पाठ झाकलेली राहते, उरलेलं बाळाचं डोकं झाकतं. नेहमीचे कुर्ते टाकू नकोस, शिंपी पुढच्या उभ्या शिवणींमध्ये चेन बसवून देतो.

तू बाळावर वाकू नकोस, बाळाला वर आण. मांडीवर पर्स ठेव, त्यावर दुपटं. नुसतं निपल तोंडात देऊन चालत नाही, भोवतीचा काळा भागही बराचसा जायला हवा, हनुवटी छातीला टेकलेली. दुखलं तर ओढून काढू नकोस, ओठांच्या कोपऱ्यात करंगळी घालून सोडव आणि परत लाव. घरी आरशासमोर दोन-चारदा करून बघ. आपल्याला जेवढं उघडं वाटत असतं तेवढं काही दिसतच नसतं.

ए-६०३ ओवीची आई: ताई, आणि परवा बी विंगमधलं कुणाचं तरी बाळ रडलं आणि मलाच पान्हा फुटला. कुर्ता ओला, वर दुधाची पिशवी घेऊन रांगेत उभी.

बी-५०१ सिस्टर: हाताची घडी घालून तळव्यांनी छाती थोडी दाबून धर, थांबतो. आत जुन्या सुती साडीचे गोल तुकडे चार घड्या करून ठेव. विकतचे पॅडही मिळतात.

बी-१०२ आजी: साड्या माझ्याकडे आहेत. गोल कापून ठेवते. दोघींनाही.

सी-१०४: शुभ रात्री 🌹 टँकर उद्या किती वाजता आहे?

सेक्रेटरी: सकाळी ७.

ए-३०२: आणखी एक. बाहेर कुणी येऊन काही बोललंच तर?

ए-६०३ ओवीची आई: मी आधी बाळाकडेच बघत राहते. तरी बोललं तर ‘पाच मिनिटांत होतंय’ म्हणते. पहिल्या आठवड्यात घरी येऊन रडले होते, खोटं कशाला सांगू. आता आजी शेजारी येऊन वाटाणे सोलत बसतात, कुणी येतच नाही बोलायला.

बी-१०२ आजी: वाटाणे संपले की शेंगा. कामाला काय तोटा.

(दुसऱ्या दिवशी)

सी-४०१ काका: बाकावर पिवळं दुपटं राहिलंय, बदकं आहेत त्यावर. पाऊस सुरू झाला म्हणून उचलून आणलं. थोडं भिजलंच होतं, हिने धुऊन वाळत घातलंय. सकाळी वॉचमनकडे ठेवतो.

ए-६०३ ओवीची आई: आमचंच. ओवीने टाकलं असणार.

सी-४०१ काका: आणि सेक्रेटरीसाहेब, तो पार्ट?