वसंतोत्सवात (चिनी नववर्षाला) बीजिंग-शांघायला जावे की जाऊ नये?

सह्याद्रीवासी
"चिनी नववर्षाच्या आठवड्यात बीजिंग-शांघायला जाणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, कारण सगळे बंद असते," असे परवा येथे एका सदस्याने लिहिले. ते वाचून गप्प बसवले नाही. २०१९ मध्ये ५ फेब्रुवारीच्या नववर्षाला मी आईसह बीजिंगमध्ये होतो. गल्लीबोळांतील खानावळींना कुलपे होती, हे खरे. परंतु दितान उद्यानातील जत्रेत पाय ठेवायला जागा नव्हती, पाकात घोळवलेली लाल फळे काडीला टोचून विकणाऱ्यांपुढे रांगा होत्या, आणि एरवी वाहनांनी तुंबलेले रस्ते इतके मोकळे होते की आईने ते माझा हात न धरता ओलांडले.

हुआंगपूकाठी
तुमचा आठवडा सुखाचा गेला, म्हणून सर्वांना बोलावू नका. मी सहा वर्षे शांघायमध्ये नोकरी केली. नववर्षाच्या आगेमागे चाळीस दिवस गावी जाणाऱ्यांची रीघ असते. रेल्वेची तिकिटे पंधरा दिवस आधी खुली होतात आणि गर्दीच्या मार्गांवर बघता बघता संपतात. शिवाय शांघायच्या थंडीबद्दल कोणीच बोलत नाही. छिनलिंग पर्वत आणि हुआई नदी यांच्या उत्तरेला सरकारी व्यवस्थेतून उष्णता घरोघर मिळते. दक्षिणेतील शांघायला ती नाही. बाहेर पाच अंश असतील, तर घरातही कोट घालून जेवावे लागते. माझे वडील आले तेव्हा एका अतिथिगृहात आठ दिवस खोकत होते.

मुळाकाठी
उत्तरेच्या उष्णतेचे एवढे कौतुक नको. ती कोळशावर मिळत असे, आणि हुआई नदीच्या दोन्ही बाजूंची तुलना करणाऱ्या २०१३ च्या अभ्यासाने उत्तरेकडील आयुर्मान सुमारे साडेपाच वर्षांनी कमी असल्याचे मांडले होते. मला दमा आहे. धुरकट हवेपेक्षा मी गार खोली पत्करेन.

हुआंगपूकाठी
तो आकडा २०१७ च्या पुढील अभ्यासात सुमारे तीन वर्षांवर आला, आणि त्याच वर्षी बीजिंगमधील शेवटचे मोठे कोळशाचे वीजकेंद्र बंद झाले, हे तुम्ही सांगत नाही. अर्धवट माहिती देऊन लोकांना घाबरवू नये.

मुळाकाठी
तीन वर्षेही थोडी नाहीत. माझ्या श्वासाचा हिशेब तुम्ही करू नका.

सह्याद्रीवासी
विषय प्रवासाचा आहे, कृपया त्यावर या. बीजिंगच्या खोलीत आई शाल काढून बसत असे, बाहेर मात्र उणे आठ अंशांत तिचे कान दुखले, हे मी आधी लिहायला हवे होते. आणखी एक: बीजिंगभोवतीच्या पाचव्या वर्तुळमार्गाच्या आत २०१८ पासून फटाक्यांना बंदी आहे, त्यामुळे दिवाळीसारखी रात्र पाहायला जाणाऱ्याचा हिरमोड होईल. फॉरबिडन सिटीत, म्हणजे बीजिंगच्या जुन्या राजवाड्यात, तेव्हा दिवसाला ८०,००० जणांची मर्यादा होती आणि पासपोर्टच्या क्रमांकावर आधीच नोंदणी करावी लागली. ती न करता दारात आलेली दोन मुलांची एक आई रडत परतली.

हुआंगपूकाठी
मग माझेच म्हणणे सिद्ध झाले ना? तरीही एक मान्य करतो: शांघायमधील युयुआन बागेचे कंदील त्या दिवसांतच पाहावेत, मीही तीनदा गेलो. २०२७ चे नववर्ष ६ फेब्रुवारीला आहे. जायचेच असेल तर एकाच शहरात मुक्काम ठेवा, आणि आई-वडील सोबत असतील तर ते शहर बीजिंग असू द्या.