गडग्यावरचे डबे

कोरोनाच्या टाळेबंदीत मुंबईहून कोकणात परतलेल्या 'चाकरमान्यांना (मुंबईत नोकरी करणाऱ्या गावकऱ्यांना) गावात घेतलं नाही, शेजारधर्म बोलण्यापुरताच' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. आमच्या वाडीतही (दापोली तालुका) रस्त्यावर बांबू आडवे टाकले होते, नाकारत नाही. पण ज्यांनी टाकले त्यांच्याच घरून शाळेत १४ दिवस ठेवलेल्या मुंबईकरांना पेज नि कुळथाची पिठी जायची. डबा गडग्यावर (दगडी कुंपणावर) ठेवायचा, हाक मारायची, मागे सरायचं. परत आलेला डबा राखेने घासून दिवसभर उन्हात! आई तर त्याला काठीनेच ओढायची.

आणि ३ जून २०२० चा विषय कसा कुणी काढत नाही? निसर्ग वादळाने कौलं, पत्रे, नारळी-पोफळी सगळं आडवं केलं. अंतर-बिंतर त्या दिवशीच संपलं. वीज कित्येक दिवस नव्हती. वाडीत जनरेटर एकच. डिझेल घरटी वर्गणीतून, पंप रोज एकेका विहिरीवर, नि तेवढ्या वेळात मोबाईल चार्ज करायला ही झुंबड. पाऊस तोंडावर, गवंडी मिळेना. तेव्हा छपरावर चढले ते बांबूपलीकडे अडवलेले चाकरमानीच. आमच्या पडवीवर अजून शेजाऱ्यांच्या पडक्या गोठ्याची कौलं आहेत, रंग जुळत नाही.