गावठाणातले वाडे, घाट आणि बारव: प्रारूप विकास आराखड्यावर हरकत नेमकी कशी लिहावी?

कृष्णाकाठ

आमच्या 'ब' वर्ग नगरपरिषदेचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आहे. गाव जुनं. गावठाणात पेशवाईतले आणि नंतरचे बरेच वाडे, दगडी घाट, एक बारव (पायऱ्यांची विहीर) आणि देवळांचा समूह आहे. यांतलं काहीही केंद्र किंवा राज्य संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही. आराखड्यात पेठेचा मुख्य रस्ता ६ मीटरवरून ९ मीटर दाखवलाय. बारवेच्या जागी नुसता निवासी विभागाचा रंग आहे. सर्वांत मोठ्या वाड्यावर 'वस्तुसंग्रहालय' असं आरक्षण टाकलंय, त्यामुळे बरेच लोक खूश आहेत.

हरकती द्यायच्या आहेत. त्यात काय मागावं, सोबत कोणती कागदपत्रं जोडावीत आणि सुनावणीत कशावर भर द्यावा?

नकाशावाचक

आधी मुदत पाहा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली राजपत्रातल्या नोटिशीपासून दिवस मोजतात. नगरपरिषदेसाठी ही मुदत सहसा ३० दिवस असते, पण नोटिशीत छापलेली तारीखच प्रमाण धरा. हरकत कोणीही देऊ शकतो, त्यासाठी जागा आपली असावी लागत नाही. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या.

एकाच पत्रात दहा मुद्दे घालू नका. हरकतींवर निर्णय मुद्द्यानुसार होतो. लांब पत्रातल्या एका मागणीवर शेरा मारून बाकीचं निकालात काढणं सोपं जातं. रस्ता, बारव, वाड्यावरचं आरक्षण आणि वारसा यादी अशा चार वेगळ्या हरकती द्या. प्रत्येकीत सिटी सर्व्हे नंबर, नकाशाचा शीट क्रमांक आणि अगदी नेमका बदल लिहा. 'ऐतिहासिक वारसा जपावा' एवढ्याच वाक्यावर हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीला काही करता येत नाही. 'सि.स.नं. अमुक ते तमुक या लांबीत ९ मीटर रस्तारुंदी रद्द करून सध्याची रुंदी कायम ठेवावी' यावर होय किंवा नाही म्हणावंच लागतं. प्रत्येक पत्राच्या शेवटी कलम २८ खालच्या सुनावणीत प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं आहे, हेही नोंदवा.

आता त्या वस्तुसंग्रहालयाच्या आरक्षणाबद्दल. ते वाड्याला तारण्यापेक्षा मारण्याची शक्यता जास्त. आरक्षण म्हणजे जागा संपादन करण्याचा इरादा. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक कलम १२७ ची सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मग जागा मोकळी आणि वाडा पाडायला काही आडकाठी उरत नाही. मधल्या काळात आरक्षणामुळे मालकाला कर्ज मिळत नाही आणि दुरुस्तीत पैसा घालायचा उत्साहही राहत नाही. छपरातून पाणी यायला लागतं. बहुतेक नगरपरिषदांकडे गावठाणातल्या मोक्याच्या जागेचं संपादन करण्याइतका पैसा नसतो, हे आरक्षण टाकणाऱ्यालाही माहीत असतं.

म्हणून आरक्षण वगळण्याची आणि त्याऐवजी वाडा वारसा यादीत घेण्याची मागणी करा. यादीत नाव येणं हे नियमन आहे, संपादन नव्हे. त्यामुळे कलम १२७ लागू होत नाही आणि मालकी मालकाकडेच राहते. अधिनियमाच्या कलम २२ मध्ये वारसा इमारती आणि वारसा परिसर यांचं जतन हा आराखड्याचा विषय म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. हरकतीत त्याचा उल्लेख कराच, म्हणजे 'हा विषय आमच्या कक्षेत नाही' हे उत्तर येणार नाही.

कडीपाट

वरच्याशी सहमत. फक्त एक भर घालतो: सुट्या वाड्यांच्या यादीवर थांबू नका, वारसा परिसर मागा.

पेठेचं रूप एका वाड्यात नसतं. घडीव दगडाची जोती, रस्त्याला लागून ओटे, दोन मजले, पुढे आलेले सज्जे, उतरती कौलं हे सगळं सलग असतं तोवरच ती पेठ असते. वीस वाडे यादीत घेतले आणि मधल्या घरांना सामान्य नियम लागू राहिले, तर काही वर्षांत दोन वाड्यांमध्ये पाच मजली इमारत आणि खाली पार्किंग येतं. परिसर जाहीर झाला तर उंची, छपराचा उतार, रस्त्याकडची रेषा, दुकानांच्या पाट्या आणि रस्त्याची फरसबंदी या सगळ्यांना नियम लावता येतात. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीत इमारतींबरोबर परिसरही घेतले गेले. ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्या, त्या समूह म्हणूनच.

वारसा यादीत प्रत्येक वास्तूला श्रेणी दिली जाते, तीही विचारपूर्वक सुचवा. श्रेणी १ मध्ये आतबाहेर जवळजवळ काहीच बदलता येत नाही. ती घाट, बारव आणि मुख्य देवळांसाठी ठेवा. राहत्या वाड्यांना २-अ किंवा २-ब पुरते. तिथे बाहेरचं रूप सांभाळून आत बदल आणि नवा वापर शक्य असतो, २-ब मध्ये त्याच भूखंडावर मेळ खाणारं जादा बांधकामही विचारात घेतात. पेठेतल्या साध्या घरांना श्रेणी ३. सगळ्यांना श्रेणी १ मागितली की सगळे मालक विरोधात जातात आणि यादीच बारगळते.

प्रत्येक वास्तूचं एक पत्रक करा. त्यात सिटी सर्व्हे नंबर, मालमत्ता पत्रकाचा उतारा, बांधकामाचा अंदाजे काळ व तो कशावरून, मजले आणि खण, साहित्य, सध्याचा वापर, अवस्था आणि धोका लिहा. फोटो रस्त्यावरून चारही बाजूंचे हवेत, तारखेसह. दर्शनी भागाचं १:१०० मापाचं रेखाचित्र जोडलंत तर फार चांगलं. मूल्य कोणतं तेही लिहा: वास्तुशैली, इतिहास, बांधकामाचं तंत्र की समूहाचा भाग. नुसतं 'जुना' हे कारण टिकत नाही. सिटी सर्व्हेचा मूळ नकाशा आणि चौकशी नोंदवही भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. बारव त्या नकाशात असेल तर तुमची दुसरी हरकत जवळपास तिथेच सिद्ध होते.

नकाशावाचक

परिसराचा मुद्दा मान्य, पण क्रम सांभाळा. वारसा यादीची स्वतंत्र प्रक्रिया आहे: वारसा समितीची शिफारस, जाहीर नोटीस, मालकाला कळवणं, हरकती, मग मंजुरी. तिला वेळ लागतो. रस्त्याची रेषा मात्र याच आराखड्यात कायम होणार. सगळी ताकद यादीवर लावून रुंदीकरण तसंच राहिलं, तर यादीतल्या प्रत्येक वाड्याचा दर्शनी दीड मीटर कागदोपत्री रस्त्यात गेलेला असेल.

रुंदीकरण असं खातं: रस्ता एकदम रुंद होत नाही. ज्याला नवं बांधकाम करायचं तो परवानगी घेताना पुढची पट्टी सोडतो. एक घर मागे, दोन पुढे, अशी दातेरी रेषा पंचवीस वर्षं राहते. वाहतुकीला त्याचा उपयोग शून्य, कारण अरुंद तोंडं तशीच असतात. जाते ती फक्त ओट्यांची आणि सज्ज्यांची ओळ. हरकतीत पर्याय द्या: समांतर रस्ता, एकेरी वाहतूक, पेठेच्या दोन्ही टोकांना वाहनतळ. पर्यायाशिवायची रस्त्याची हरकत क्वचितच मान्य होते.

कृष्णाकाठ

फार उपयोगी. दोन अडचणी आहेत. एक, काही मालक म्हणतात की यादीत गेलो तर खिळाही ठोकता येणार नाही. दोन, त्या मोठ्या वाड्याला 'धोकादायक इमारत' म्हणून नोटीस येणार अशी चर्चा आहे. यादी होईपर्यंत तो पाडला गेला तर?

चुनाभट्टी

मालकांशी यादीच्या आधी बोला, नंतर नाही. २०१२ साली मुंबईच्या प्रस्तावित वाढीव यादीत शिवाजी पार्कचा परिसर आला तेव्हा रहिवाशांचाच मोठा विरोध झाला. यादी वर्तमानपत्रातून कळली की माणूस वाईटच धरून चालतो.

त्यांना खरं तेच सांगा. कौलं बदलणं, रंग, वायरिंग, स्वच्छतागृह, आतली भिंत यांतलं श्रेणी २ आणि ३ मध्ये जवळजवळ सगळं करता येतं, काही कामांना आधी परवानगी लागते एवढंच. पूर्ण पाडून नवी इमारत होत नाही, हेही लपवू नका. न वापरलेल्या चटई क्षेत्राच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्काची (दुसऱ्याला विकता येणाऱ्या बांधकाम हक्काची) तरतूद आहे, पण तो विकत घेणारे बांधकाम व्यावसायिक लहान गावात कमी. त्यावर मोठी आशा लावू नका. घरपट्टीतली सवलत आणि परवानगी शुल्काची माफी नगरपरिषदेकडे लावून धरा. रक्कम लहान असते, पण ती दर वर्षी दिसते.

धोकादायक नोटिशीचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, कारण वाडे बहुधा याच दारातून जातात. नगरपरिषद अधिनियम, १९६५ चं कलम १९५ आणि महापालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमाचं कलम २६४, दोन्हींचा हेतू धोका दूर करणं हा आहे. इमारत पाडणं हा त्यातला एक मार्ग; सुरक्षित करणं आणि दुरुस्त करणं हेही मार्गच. सैल झालेला कठडा उतरवणं, तुळईला टेकू देणं, एक पडवी रिकामी करणं यानेही धोका टळू शकतो. लेखी उत्तरात नेमकं हेच मागा.

संरचनात्मक तपासणीचा अहवाल मिळवून नीट वाचा. त्यात सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२-अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२-ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणीच्या आकड्यांवर वाड्याला सी-१ दिलं असेल तर हरकत घ्या. या चाचण्या काँक्रीटसाठी आहेत. सागवानी सांगाडा आणि चुन्यातल्या विटा यांना ते आकडे लागू होत नाहीत. इथे पाहायचं ते वेगळं: भिंतीत गेलेली तुळईची टोकं कुजली आहेत का, खांब तळखड्यावर (खालच्या दगडी बैठकीवर) नीट बसलेत का, भिंत ओळंब्यात आहे का, तडा जिवंत आहे का. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. काही आठवड्यांत काच फुटली तर हालचाल सुरू आहे. कुजलेलं टोक कापून सांधा देऊन नवं जोडता येतं, त्यासाठी सगळी तुळई काढावी लागत नाही.

ओलीचं कारण बहुतेक वेळा बाहेर असतं. रस्त्यावर थरावर थर काँक्रीट पडत जातं आणि रस्ता जोत्याच्या वर येतो. पाणी मग आत वळतं. ओल दिसली म्हणून सिमेंटचा गिलावा केला की ती आत कोंडते, क्षार वर चढतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. त्यावर प्लास्टिक रंग म्हणजे आणखी एक झाकण. गिलावा चुन्याचाच हवा: १ भाग मुरलेला चुना, दीड भाग वाळू, दीड भाग सुरखी (विटांची भुकटी) इथून सुरुवात करा, आधी लहान तुकड्यावर करून पाहा आणि सुकेपर्यंत गोणपाटाने ओला ठेवा. नगरपरिषदेकडे रस्त्याचा जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकू नये, असा ठरावही मागा. हे काम आराखड्याची वाट न पाहता होण्यासारखं आहे.

नकाशावाचक

मधल्या काळासाठी दोन गोष्टी. कलम ४६ नुसार परवानगी देताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्याचाही विचार करावा लागतो. म्हणून वारसा परिसराची हद्द नकाशावर येणं महत्त्वाचं, यादी मागून आली तरी. हरकतीत हा मजकूर घाला: 'सोबतच्या नकाशातील हद्द प्रस्तावित वारसा परिसर म्हणून दर्शवावी. यादी मंजूर होईपर्यंत या हद्दीतील पाडकाम, पुनर्बांधणी व धोकादायक इमारतीबाबतची कार्यवाही वारसा समितीचा लेखी अभिप्राय घेऊन करावी. समिती अस्तित्वात नसल्यास ती आधी गठित करावी.' समितीत संरचना अभियंता, वास्तुविशारद आणि स्थानिक इतिहासाचा अभ्यासक असावा, असंही लिहा.

सुनावणीला एका हरकतीवर एकच जण बोलू द्या, पाच मिनिटांत, नकाशा हातात धरून. नंतर गाफील राहू नका. नियोजन समितीच्या अहवालानंतर नगरपरिषद बदल करून आराखडा कलम ३० खाली शासनाकडे पाठवते, त्या टप्प्यावर रद्द झालेली रुंदी परत येऊ शकते. कलम २८ खाली प्रसिद्ध झालेला बदलांचा नकाशा घ्या आणि तुमच्या चारही हरकतींतल्या सर्व्हे नंबरांवर ताडून पाहा. कलम ३१ ची मंजुरी येताना काही भाग वगळून इपी (एक्सक्लुडेड पार्ट, म्हणजे वगळलेला भाग) म्हणून पुन्हा हरकतींसाठी काढतात. पेठ त्यात असेल तर पुन्हा अर्ज करावा लागतो, पहिली हरकत त्याला पुरत नाही.