मदत हवी आहे: ओपनसिममधली वाव आणि कॉलेजचं मूडल कसं जोडावं?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात एका कॉलेजात वास्तुकलेचा इतिहास शिकवते. प्रोग्रॅमिंग रीतसर शिकलेली नाही, लागेल तसं वाचून करते. प्रश्न जरा लांब आहे, पण पूर्ण वाचाल तर फार मदत होईल.

दुसऱ्या वर्षाला पाटणची राणीची वाव (पायऱ्यांची विहीर) आहे. सहल वर्षातून एकदा, तीही एका दिवसाची. उन्हात सगळी पोरं, परतायची घाई. मग वहीत ‘सात मजले, अकरावं शतक, राणी उदयमती’ एवढंच उरतं. म्हणून यंदा लॅबच्या सर्व्हरवर ओपनसिम्युलेटर (ओपनसिम, आभासी त्रिमितीय जग उभारायचं सॉफ्टवेअर) टाकलं आणि मुलांकडूनच वाव बांधून घेतली, खऱ्या मापाची. सुमारे 65 मीटर लांब, 20 रुंद, 28 खोल. ओपनसिमचा एक रीजन, म्हणजे जमिनीचा तुकडा, 256 बाय 256 मीटरचा, त्यात आरामात बसली. पहिल्या दिवशी मात्र खणत गेलो तशी ती पाण्याने भरत गेली! तिथे समुद्राची पातळी 20 मीटरवर ठरलेली असते आणि आमची जमीन त्याच्या थोडीच वर होती. शेवटी कन्सोलवरून सगळी जमीन 55 मीटरवर नेली आणि पुन्हा खणलं.

आता अडचण. वर्गात सहसा न बोलणारी एक मुलगी परवा या आभासी वावेत दुसऱ्या मंडपाखाली उभी राहून चॅटवर गुजरातीत लिहीत होती. इथून वर पाहिलं की आकाश पट्टीएवढंच दिसतं, म्हणजे ऊन खालपर्यंत पोचतच नसणार, म्हणून गारवा. शेजारच्या दोघांनी तिला उलट प्रश्न विचारले, तिने खाली-वर फिरून, खांब मोजून उत्तरं दिली. वीस मिनिटं हे चाललं होतं. तास संपला, सगळे बाहेर पडले. लॅबमधले पीसी रोज रात्री रीसेट होतात, त्यामुळे ते बोलणं गेलं ते गेलंच. मूडलमध्ये (कॉलेजची ऑनलाइन अभ्यासाची व्यवस्था) त्या दिवशी तिच्या नावापुढे फक्त ‘हजर’ आहे. हे मला फार लागलं. गुण मूडलमधून जातात, तिथे जे नाही ते तिने केलंच नाही असं धरलं जातं.

शोधताना स्लूडल सापडलं. डॅनियल लिव्हिंग्स्टन आणि जेरेमी केम्प यांनी 2006 च्या सुमारास सेकंड लाइफ (असंच एक आभासी जग) आणि मूडल जोडायला सुरू केलेला प्रकल्प. त्यात आभासी जगातलं चॅट मूडलच्या चॅटरूममध्ये उमटायचं, अवतार (आभासी जगातलं आपलं पात्र) आणि मूडलचं खातं जोडायची सोय होती, बरोबर उत्तर दिलं की वर चढणारी खुर्चीसुद्धा होती. पण ते जुन्या मूडलसाठीचं. आमच्या मूडल 4 वर चढत नाही.

मग स्वतःच एक पाटी केली. तिच्यावर क्लिक केलं की एलएसएल (ओपनसिममधली स्क्रिप्टची भाषा) स्क्रिप्ट मूडलच्या सर्व्हरवरच्या छोट्या पीएचपी फाइलला निरोप पाठवते. तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकला तर उत्तर येतं, स्क्रिप्टमधून दर वेळी एरर. मूडल कॉलेजच्या आतल्याच नेटवर्कवर आहे, पत्ता 192.168 ने सुरू होतो. दोन शनिवार यात गेले.

निरोप कुठे अडतोय? अवतार नक्की कोणाचा, हे मूडलला कसं कळवायचं? आणि चार मुलांकडे घरी फक्त फोन आहे, त्यांचं काय करू?

प्रतिसाद १

ताई, पत्ता 192.168 चा आहे तिथेच घोडं अडलंय. ओपनसिम मुळातच वापरकर्त्यांच्या स्क्रिप्टना आतल्या नेटवर्कचे पत्ते उघडू देत नाही, कोणीही स्क्रिप्ट लिहून कॉलेजच्या मशीनमध्ये डोकावू नये म्हणून. ओपनसिम डॉट आयएनआय फाइलमध्ये नेटवर्क विभागात ‘आउटबाउंड डिसअलाऊ फॉर युजर स्क्रिप्ट्स’ अशी ओळ आहे. ती रिकामी करू नका. तिच्या जोडीला शेवटी ‘एक्सेप्ट’ असलेली ओळ आहे, तीत फक्त मूडलचा पत्ता आणि पोर्ट द्या आणि ओपनसिम पुन्हा सुरू करा.

चॅटसाठी ऐकणारी स्क्रिप्ट ठेवा, पण साधं बोलणं 20 मीटरपर्यंतच ऐकू जातं. 65 मीटरच्या वावेत एका ठिकाणी ठेवून भागणार नाही. चारही मंडपांत एकेक ठेवा. दोन स्क्रिप्टनी एकच वाक्य ऐकलं तर ते दोनदा नोंदलं जाईल, ते पीएचपीत गाळा. आणि नोंद होते आहे हे मुलांना आधी सांगा.

प्रतिसाद २

मूडलचं टोकन (प्रवेशाची गुप्त किल्ली) स्क्रिप्टमध्ये लिहू नका, वस्तूची कॉपी कोणाकडे गेली तर तेही जाईल. पीएचपीतच ठेवा. ओळखीसाठी अवताराचं नाव धरू नका, त्याचा यूयूआयडी (न बदलणारा ओळखक्रमांक) धरा. पाटीवर क्लिक केल्यावर एकदाच चालणारी लिंक द्या, मुलाने तिथून स्वतःच्या मूडल खात्यात लॉगिन केलं की जोडी पक्की. पासवर्ड एकमेकांना दिले तर मात्र याचाही उपयोग नाही. फोनवाल्यांसाठी एचफाइव्हपी या परस्परसंवादी धडे बनवायच्या साधनातली 360 अंशांची फेरी पाहा, मूडलमध्येच चालते आणि गुणही नोंदवते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! ‘एक्सेप्ट’च्या ओळीत पत्ता टाकला, ओपनसिम बंद करून चालू केलं, पाटीवर क्लिक केलं आणि उत्तर आलं. लॅबचे दादा आणि मी दोघंही स्क्रीनकडे बघतच राहिलो. चार मंडपांत चार स्क्रिप्ट आज लावते, मुलांना सोमवारी सांगून मगच चालू करीन. परवाचं बोलणं परत मिळणार नाही, पण त्या मुलीला ते पुन्हा लिहून द्यायला सांगितलंय, ती तयार आहे.

360 अंशांच्या फेरीत मुलं बघतील, पण एकमेकांशी बोलणार कशी? चौघांना त्या मंडपाखालच्या गप्पांत फोनवरून आणायचा मार्ग कोणी वापरला असेल तर जरूर सांगा.