कॉलेजात ‘सर्व्हिस लर्निंग’ सक्तीचं असावं का?

कारेलीबागकर:
ऑगस्ट २०२४ चा बडोद्याचा पूर आपण सगळ्यांनी भोगला. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, पाणी ३५ च्याही वर गेलं. तेव्हा माझी मुलगी सांख्यिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. पाणी ओसरल्यावर तिचा वर्ग नदीकाठच्या एका वस्तीत घरोघर फिरला. कुठल्या घरात पाणी किती चढलं, काय वाहून गेलं, याची नोंद करायची होती. फॉर्मचा पहिलाच रकाना ‘घरमालकाचं नाव’. वस्तीत बरेच जण भाड्याने राहणारे. एका बाईचं शिलाई मशीन गेलं होतं, पण ते लिहायला जागाच नाही! त्या रात्री मुलांनी आमच्या ओट्यावर बसून फॉर्म नव्याने केला. नमुना चुकीचा घेतला की माणसंच गळतात, हे वाक्य तिने परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्याचा अर्थ तिला त्या बाईच्या दारात कळला. सर्व्हिस लर्निंग म्हणजे हेच: विषयाचं ज्ञान लोकांच्या गरजेला लावायचं, मग काय शिकलो ते लिहायचं आणि मार्क त्या शिकण्याला. माझ्या मते हे प्रत्येक शाखेत सक्तीचं व्हावं.

रावपुऱ्याची सून:
काका, तुमच्या लेकीचं कौतुक, पण माझा विरोध. मी ११ वर्षं एका वस्तीत बालवाडी चालवते. दरवर्षी मुलं येतात आणि तेच प्रश्न विचारतात: घरात किती माणसं, संडास आहे का, महिन्याची कमाई किती. फोटो काढतात, जातात. गेल्या वर्षी एक आजी म्हणाली, “बेटा, मागच्यांनी लिहिलंय, त्यांच्याकडून घे.” पुढे काय झालं हे सांगायला कोणी परत येत नाही. शिकतात मुलं, वेळ जातो वस्तीचा. सक्ती केलीत तर अशा फेऱ्या दहापट होतील.

अपडाउनवाला:
मी विद्यार्थी. पादऱ्याहून रोज बसने अपडाउन करतो, संध्याकाळी मेडिकल स्टोअरवर काम. शनिवारी वस्तीत जायचं म्हणजे त्या दिवसाचा पगार बुडतो आणि भाडंही खिशातून. शिवाय एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) १९६९ पासून आहेच की, वर्षाला १२० तास. ज्याला आवड तो जातो. नवीन नाव देऊन सगळ्यांच्या गळ्यात का?

कारेलीबागकर:
एनएसएसला मी मानतो, मीही शिबिरं केली आहेत. पण तिथे केमिस्ट्रीचा मुलगा आणि अकाउंट्सची मुलगी दोघंही एकाच खड्ड्यात झाड लावतात. केमिस्ट्रीवाल्याने पुरानंतर बोअरचं पाणी तपासावं, अकाउंट्सवालीने बचतगटाच्या वह्या लावून द्याव्यात, असं मी म्हणतोय.

निवृत्त मास्तर:
सक्ती म्हटलं की लोक बिचकतात. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९०६ मध्ये ते साऱ्या बडोदा राज्यात नेलं. आवडीवर सोडलं असतं तर मुली शाळेत आल्या असत्या का? आज सेवाही आवडीवर सोडली तर ज्यांच्या घरी आधीच संस्कार आहेत, तीच मुलं जातील.

अपडाउनवाला:
मास्तर, तुमचंच उदाहरण घेतो. महाराजांनी शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मोफतही केलं. इथे सक्ती माझ्यावर, खर्चही माझाच. बसभाडं कॉलेजने द्यावं, तास टाइमटेबलात धरावेत, मग माझी हरकत नाही.

रावपुऱ्याची सून:
आणि काम काय करायचं ते वस्तीने सांगावं. आम्हाला सर्व्हे नको, रेशनकार्डात सून-नातवंडांची नावं चढवून देणारा कोणीतरी हवा. एक बॅच निदान दोन वर्षं त्याच वस्तीत यावी.

कारेलीबागकर:
भाड्याचा आणि टाइमटेबलाचा मुद्दा मान्य. मी तो धरलाच नव्हता, कारण माझी लेक घरून स्कूटीवर जायची. सक्तीचा आग्रह मात्र सोडत नाही. ताई, मुलीला विचारलं. त्या फॉर्मांचा निकाल वस्तीला कळवला का? नाही म्हणाली, सबमिशननंतर फाइल विभागातच राहिली. तिला पुढच्या रविवारी तिथे पाठवतोय, मीही जाईन. रेशनकार्डाच्या कामाला कोणते कागद लागतात, तेवढं इथे लिहून ठेवा.