कासजवळ दगडाखाली सापडलेली सापसुरळी : बारीक पाय, गुळगुळीत अंग

प्रश्न : साताऱ्याहून कासकडे जाताना जांभ्याच्या दगडाखाली ही दिसली. पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी, चकचकीत. शेपटी लाल नाही, म्हणजे ठिपक्यांची सापसुरळी बाद ना?

उत्तर १ : लाल शेपटीवर जाऊ नका. तो रंग पिल्लांत असतो, वाढत्या वयात जातो. आधी पाठीचे खवले बघा. त्यांवर उभ्या कडा असतील तर ती युट्रोपिस, म्हणजे घराभोवती दिसते ती. गुळगुळीत असतील तर रायोपा, म्हणजे बारीक पायांच्या सापसुरळ्यांचा गट; ठिपक्यांची त्यातलीच. मग पाय : पुढचा मागे, मागचा पुढे असे अंगालगत धरले तर रायोपाचे एकमेकांना पोचतच नाहीत. तुमच्या फोटोत मधे चांगलं अंतर आहे. रायोपाच.

उत्तर २ : सहमत, पण रायोपातली गुंथरची सापसुरळी की ठिपक्यांची हे या फोटोवरून सांगणं म्हणजे अंदाजपंचे. डोक्याचा वरून आणि बाजूने जवळून फोटो हवा, शिवाय धडाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी मोजता याव्यात. शेपटीची लांबी धरू नका, तुटून पुन्हा आलेली आखूड असते. आणि पकडू नका, शेपटी हातात राहते! दगड स्वतःकडे ओढून उचला, खाली फुरसं असलं तर मधे दगडाची आड राहते. नंतर होता तसाच ठेवा.

प्रश्नकर्ता : डोक्याचा एक आहे, जरा हललेला. टाकतो.