६ वर्षं जर्मनीत राहून दादरला आलोय, मलाच काहीतरी झालंय का?

परतलेला_दादरकर:
म्युनिकला असतो, सध्या महिनाभर आईकडे दादरला आहे. तिकडे रविवारी दुकानं बंद, घरात ड्रिल मशीन लावलं तर शेजारी येऊन बेल वाजवतो, सुरुवातीला जाम वैताग यायचा आणि आता इथे रविवारी ७ ला भाजीवाला ओरडला की मीच दचकून उठतो. काल तर पाण्याची रिकामी बाटली फेकवेना, कारण तिकडे बाटलीमागे २५ सेंट डिपॉझिट असतं, मशीनमध्ये टाकली की पावती मिळते. आई म्हणाली, ह्या पाच बाटल्या कशाला जमवल्यास रे? असं कुणाचं होतं का?

ठाणे_स्लो:
मग द्या की रद्दीवाल्याला. पैसे तोही देतो, फक्त काटा मारतो. मशीन निदान तेवढं तरी करत नसेल :)

कुर्लेकरीण:
बहीण टोरांटोहून आलेली, चर्चगेटहून फास्ट पकडली. दादरला उतरायचं होतं, पण बाई दारात ‘सॉरी, सॉरी’ करत सगळ्यांना वाट देत बसली, उतरली थेट बांद्र्याला. जन्म इथलाच बरं का!

परतलेला_दादरकर:
हाहा, मी परवा प्लाझासमोर, एकही गाडी नसताना, सिग्नलवर हिरवा माणूस दिसायची वाट बघत उभा. मागून एक काका म्हणाले, काय रे, मुहूर्त बघतोयस का?